नाव घातलेला क्यू

करीम, जिंकलास रे मेल्या!

आधी हे सांगून टाकतो, बाकीचं सावकाश. तुझा क्यू, बॉल मारायची ती काठी, गेला. पूर्ण किमतीला गेला. तू सांगायचास त्याच्याही वर दोन बोटं गेला, आणि हॉल राहिला. काल जागेचे कागद हलिमाभाभीच्या नावावर झाले. मांडवीत ज्या ज्या माणसाने तुला नऊ वर्षं, एका काठीवर पैसे उधळलेस म्हणून, 'सोटेवाला' म्हणत हिणवलंन, त्या प्रत्येकाच्या दारावरून मी काल संध्याकाळी मुद्दाम चालत गेलो. नुसता गेलो, छाती काढून. एकाने विचारलंन, "काय दत्ताराम, इतका खूश?" म्हटलं, "सोटा विकला." त्याचं तोंड बघायला तू पाहिजे होतास.

आज शुक्रवार. दुपारचे तीन वाजलेत. नमाज आटपून, टोपी खिशात घालून, तू या वेळेला हॉलच्या पायऱ्या चढायचास आणि मी आधीच बाकावर बसलेला असायचो. आजही बसलोय. भाभी काउंटरवर आहे, दोन्ही टेबलं भरलेली आहेत, आणि मी कानावरची पेन्सिल काढून तुला लिहितोय. मी लिहिणारा माणूस नाही, हे तुला माहीत आहे. फळीवर माप लिहायचं तेवढं माझं लेखन. पण तुझ्याशी निम्मं भांडण राहून गेलंय, ते कुठेतरी पुरं करायला पाहिजे.

अठ्ठ्याण्णव साली तू बोटीवरची फिटरची नोकरी कायमची सोडून आलास. दुसऱ्यांनी येताना फ्रीज आणलेनी, सोनं आणलेनी. तू आणलंस काय, तर डोक्यात पूलचा खेळ, तो बिलियर्डसारखा. बंदराबंदरांतल्या खलाशांच्या क्लबात बोटीवरचे फिटर संध्याकाळी जो खेळ खेळतात, तो रत्नागिरीच्या पोरांना शिकवायचा म्हणून मांडवीत भाड्याच्या जागेत दोन टेबलं टाकलीस. टेबलांचे पाय मी समतल केले, आठवतं? सहा दिवस पाणसळ घेऊन पोटावर झोपलो होतो. तू वर उभा राहून बॉल सोडायचास आणि म्हणायचास, "अजून घरंगळतो." मी म्हणायचो, "तुझं डोकं घरंगळतंय." सहाव्या दिवशी बॉल जिथे सोडला तिथेच उभा राहिला, आणि तू खाली वाकून माझ्या घामेजल्या कपाळाचा मुका घेतलास. लोक बघत होते. मला लाज वाटली होती. आता वाटत नाही.

आणि मग ते पाकीट आलं. अमेरिकेच्या कुठल्याशा बंदरात तुमची बोट दुरुस्तीला दोन आठवडे अडकली होती, तेव्हा क्लबातल्या एका म्हाताऱ्याचा लाकूड कातायचा लेथ तू नीट करून दिला होतास. म्हातारा हाताने क्यू बनवायचा. वर्षाला मोजके, आणि मागणारे रांगेत. त्याने तुझं नाव रांगेत घातलंन आणि तीन वर्षांनी, तू ते विसरला असशील असं मला वाटत असताना, पत्र आलं. नंबर लागलाय, तीन तयार आहेत, एक निवड. सोबत तीन फोटो.

तू ते घेऊन थेट माझ्या कारखान्यात आलास. भुशावर फुंकर मारलीस, फळीवर तिन्ही फोटो मांडलेस आणि म्हणालास, "दत्ता, तू लाकडातला माणूस. सांग. यातला कुठला वीस वर्षांनी पण आजच्या किमतीला जाईल?"

मी म्हटलं, "आधी खेळायला कुठला चांगला ते विचार की."

"खेळायला तिन्ही चांगले. म्हाताऱ्याच्या हातून वाईट निघत नाही. मी किंमत टिकायचं विचारतोय."

मी पहिल्यावर बोट ठेवलं. काय तो थाट! मुठीवर मोत्यासारख्या शिंपल्याची वेलबुट्टी, मध्ये लाल लाकूड, चांदीच्या कड्या. बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. आणि म्हातारा तो बाकीच्या दोघांपेक्षा स्वस्त देत होता. मी म्हटलं, यात विचार कसला करायचा?

तू भिंग पुढे केलंस. "तळाशी बघ."

तळाशी, वेलबुट्टीच्या आत, दोन इंग्रजी अक्षरं होती. कुणीतरी आपल्या नावाची अक्षरं घालून क्यू बनवून घेतला होता आणि मग घेतलाच नाही. तू म्हणालास, "दुसऱ्याचं नाव घातलेलं पातेलं तू दुकानातून विकत घेशील?"

"छट्!"

"म्हणून स्वस्त. ज्याचं नाव त्यालाच तो लाखाचा, बाकीच्यांना तो दुसऱ्याच्या घरचं भांडं."

दुसऱ्याला सोन्याच्या कड्या होत्या. तो तू बघितलाससुद्धा नाहीस. "सोनं तोलायला सोनाराकडे जाईन," म्हणालास. आणि तिसरा फोटो माझ्या हातात दिलास. फिकट मेपलचं लाकूड, त्यात खालून वर चढत गेलेली काळ्या आबनुसाची चार लांब टोकं. बस. आमच्या शाळेतल्या रुळासारखा साधा. मी नाक मुरडलं. तू म्हणालास, "नक्षी बघू नको. सांधा बघ."

मी भिंग लावलं. काळं लाकूड पांढऱ्यात बसवलेलं, चारी टोकं सुईसारखी निमुळती, आणि चारी एका उंचीवर येऊन थांबलेली. कुठे भर नाही, वर लिंपलेली लांबी नाही, केसाएवढी फट नाही. मी तीस वर्षं रंधा मारतोय, करीम. मला तसं एक टोक जमलं नसतं. चार तर सोडच. नक्षीखाली सांधा लपवता येतो, पण साध्या कामाला लपायला जागा नसते, हे मी माझ्या गिऱ्हाइकांना आयुष्यभर सांगत आलो आणि स्वतःच वेलबुट्टीला भुललो होतो.

"हाच घे," मी म्हटलं. "पण त्याला सांग, खाली तुझं नाव घालून दे."

"अरे, आत्ता काय सांगितलं तुला?"

"दुसऱ्याचं नाव नको. तुझं तर चालेल! एवढी वस्तू घ्यायची आणि नाव नाही? आपल्याकडे चहाच्या गाळण्यावर पण नाव असतं."

इथूनच आपलं भांडण सुरू झालं. माझं म्हणणं, भांड्यावर नाव घालतात ते भांडं परत यावं म्हणून. ईदला तुझ्याकडून शिरखुर्म्याचा डबा येतो, गणपतीत आमच्याकडून मोदकांचा जातो, आणि डबे कधी हरवत नाहीत, कारण बुडाला नावं असतात. तुझं म्हणणं, मला तो परत यायला नकोच आहे, पुढे जायला हवाय. "नाव घातलं की तो करीमचा झाला. करीम गेला की संपला. नाव नसेल तर तो म्हाताऱ्याचाच राहील, आणि म्हाताऱ्याच्या क्यूला माझ्यामागे पण माणसं रांग लावतील." बोटीवरच्या फिटरला एवढी अक्कल कुठून आली, असं मी तेव्हा रागाने म्हणालो होतो. चुकलो. त्या रांगेतला माणूस मी डोळ्याने बघितला.

तुझा बोटीवरचा दोस्त तो क्यू घेऊन आला तो दिवस मी विसरणार नाही. तू दोन्ही भाग जोडलेस, आटे एका दमात फिरले, आणि टेबलावर ठेवून हाताने लोळवलास. सरळ गेला, थरथर नाही. मग मुठीवर बोटाने टकटक केलंस आणि माझ्या कानाला लावलास. एकसंध आवाज. भाभी माशांची पाटी घेऊन मिरकरवाड्याहून येत होती, दारात थांबली, म्हणाली, "हां, आली एकदाची माझी सवत." आणि त्या सवतीला भाभीनेच आपल्या कपाटातला साड्यांचा कप्पा रिकामा करून दिलान. तोंडाने शिव्या देत दिलान, पण दिलान.

पेटी मी केली. तिचा अभिमान मला आज सांगू दे. आपल्या हवेत लाकूड पावसाळ्यात फुगतं, मार्गशीर्षात आखडतं, आणि असं चार वर्षं झालं की सरळ वस्तू केळ्यासारखी होते. माझ्या आजोळच्या घरापुढच्या पडलेल्या खळ्यातला फणसाचा खांब होता, साठ-सत्तर पावसाळे खाल्लेला, ज्याला आता काही व्हायचं बाकी नव्हतं. त्याची पेटी केली. आत खाचा, त्यात कोळशाच्या पुरचुंड्या. मृग लागला की पेटी बंद. दर पंधरा दिवसांनी मी येऊन कोळसा बदलणार, तेवढ्यापुरतीच उघडायची, ती पण पाऊस थांबलेला असताना. नारळी पौर्णिमेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. तू मान डोलावलीस. कबूल केलंस. कुराणावर हात ठेवायचं तेवढं बाकी होतं. (याचं पुढे बघतो.)

माझी बायको सुमन गेली त्या वर्षी मी कारखाना बंद ठेवून घरात बसलो होतो. सगळे येऊन समजुतीचं बोलून गेले. तू आलास, मला हाताला धरून हॉलमध्ये आणलंस आणि पेटी उघडलीस. तोपर्यंत तो क्यू तू कुणाच्या हातात दिला नव्हतास. माझ्या दिलास. "ब्रेक तुझा," म्हणालास. मी बॉल फोडले आणि फोडता फोडता रडलो, आणि तू दुसऱ्या क्यूच्या टोकाला चॉक लावत भिंतीकडे बघत उभा राहिलास. त्या दिवसापासून आपला शुक्रवार सुरू झाला. आठवड्यातून एकच डाव तुझ्या क्यूने, आलटून पालटून, मग पुसून पेटीत. मी या दोनशे-तीनशे डावांत जिंकलो असेन पंधरा. त्यातले दहा तू सोडलेस, हे मला तेव्हाच कळत होतं.

त्या उपकाराची फेड म्हणूनच मी तो उद्योग केला. आता खरं सांगायला हरकत नाही. हॉलला पाच वर्षं झाली तेव्हा तू चार दिवस चिपळूणला बहिणीकडे गेला होतास. मी भाभीकडून पेटी मागून घेतली, कोळसा बघतो म्हणून. आणि मांडवीच्या वाळूत मिळालेल्या शिंपल्याचा आतला चकाकता थर घासून, कागदाएवढा पातळ करून, तीन अक्षरं कापली. म्हाताऱ्याच्या सांध्याला शोभेल असं काम करायचं म्हणून श्वास रोखून पटाशी चालवली. मुठीच्या खाली, काळ्या लाकडात, 'करीम'. बोट फिरवलं तर लागणार नाही इतकं सपाट. मला वाटलं, तू बघशील आणि परत माझ्या कपाळाचा मुका घेशील. भांड्यावर नाव घालून देतात तसं मी तुला तुझंच भांडं नाव घालून दिलं होतं.

तू बघितलंस. ओरडला असतास तर बरं झालं असतं. तू क्यू पेटीत ठेवलास, झाकण लावलंस आणि म्हणालास, "दत्ता, तू घरी जा."

मी म्हटलं, "काढून टाकतो. उद्याच काढतो."

"आता काढलंस तर खड्डा राहील. जा."

दोन महिने तू माझ्या कारखान्याकडे फिरकला नाहीस. सहा-सात शुक्रवार मी बाकावर येऊन बसलो आणि तू दुसऱ्या टेबलावर दुसऱ्याच कुणाशी खेळलास. मग एक दिवस सकाळी सुरमई घेऊन दारात उभा. "पेटीचा कोपरा घासतोय. बघ जरा." कोपरा अजिबात घासत नव्हता. मी उगाच रंध्याचे दोन हात मारले, तू उगाच 'आता बरोबर' म्हणालास, आणि नावाचं पुन्हा कधी निघालं नाही. माफ केलं असं तू म्हणाला नाहीस. चुकलो असं मी म्हणालो नाही. आपण दोघे पण अस्सल कोकणी, ताठ म्हणजे ताठ!

पण ते मला आत कुरतडत होतं. आणि तू आजारी पडलास तेव्हा जास्तच, कारण त्याच सुमाराला जागामालकाने हॉलची जागा विकायला काढलीन. सहा महिन्यांत तुम्ही घ्या, नाहीतर सोडा. दवाखान्यात तू माझं मनगट धरलंस. हाताला नुसती हाडं लागत होती, पण पकड फिटरचीच. "दत्ता, माझ्यामागे क्यू विका, हॉल विकू नका. त्याच्यात जागा निघेल. मी हिशेब करूनच घेतलेला आहे." आणि मी, ज्याने त्या हिशेबात तीन अक्षरांचं भोक पाडलं होतं, मान हलवली. म्हणायचं होतं, करीम, माझ्यामुळे आता तो निम्म्याला पण जायचा नाही. पण तोंडातून निघालं नाही. तू डोळे मिटलेस आणि वर हसल्यासारखं केलंस. ते हसणं मला पाच महिने झोपू देत नव्हतं.

तू गेल्यावर भाभी इद्दतीला बसली, चार महिने दहा दिवस घराबाहेर पाऊल नाही. हॉल मी सांभाळला, वाईट सांभाळला. चॉक संपला तरी मला कळायचं नाही. इद्दत संपली त्याच्या तिसऱ्या दिवशी भाभी पांढरी ओढणी घेऊन हॉलमध्ये आली, काउंटरमागची तुझी खुर्ची पुसलीन आणि बसली. दोन टेबलांवरच्या आठ पोरांनी क्यू खाली ठेवलेनी. ती म्हणाली, "खेळा. फुकट नाही उभं राहायचं." त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं की काहीतरी होईल.

तुझ्या बोटीवरच्या दोस्ताने मुंबईचे एक गृहस्थ धाडलेन. वयस्कर, सौम्य बोलणारे, खिशात स्वतःचं भिंग. असे हाताने केलेले क्यू जमवणं हाच त्यांचा नाद. गेल्या गुरुवारी सकाळच्या गाडीने आले, अकराला हॉलमध्ये. मी पेटी आणली. हातरुमालात माझी बारकी पटाशी गुंडाळून खिशात ठेवली होती. मनात ठरवलं होतं, ते नावाला नाही म्हणाले तर तिथेच काढून टाकायचं, खड्डा तर खड्डा, भरून देईन.

त्यांनी क्यू जोडला, कानाशी लावला, चारी टोकं भिंगातून बघितली. त्यांचा श्वास वर गेलेला मला ऐकू आला. मग टेबलावर लोळवला. एकदा, दोनदा, उलट बाजूने. "हा परदेशात होता का एवढी वर्षं?"

"इथेच," मी म्हटलं. "नऊ पावसाळे."

"शक्य नाही. याच कारागिराचे माझ्याकडे दोन आहेत, एसीच्या खोलीत. दोन्ही वाकलेत."

मी पेटी दाखवली. कोळसा, फणसाचा खांब, मृग आणि नारळी पौर्णिमा, सगळं सांगितलं. त्यांनी पेटीवरून हात फिरवला, कुणी बाळाच्या पाठीवरून फिरवावा तसा. माझी छाती फुगली, आणि तेवढ्यात त्यांचं भिंग खाली सरकलं.

"हे काय आहे?"

"नाव," मी म्हटलं. "मी घातलं. चूक माझी. मालकाचा यात काही दोष नाही."

त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "काम सुंदर आहे हो. पण बाई, तुम्हाला फसवत नाही, नाव असलेली वस्तू पुढे जात नाही. हे निघत असेल तर मी मनात आणलेली पूर्ण किंमत देतो. नाहीतर बरीच उतरावी लागेल."

मी रुमाल सोडला. पटाशी काढली. "आत्ता काढतो."

"ठेवा ती, भावजी!"

हलिमाभाभी काउंटरमागून उठली होती. करीम, तुझी बायको तीस वर्षं मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळी विकते आणि तू एकदाही तिला तिथे बघायला गेला नाहीस, लाजायचास. मी तुला सांगतो, तू काय गमावलंस ते. ओढणी खोचलीन आणि त्या गृहस्थांसमोर येऊन उभी राहिली.

"साहेब, सुरमई घेताना कल्ले उचलून बघता ना?"

"बघतो."

"हा बघितलात? वाकडा आहे?"

"नाही."

"रंग गेलाय? फट पडलीय? जोड ढिला आहे?"

"नाही, बाई."

"मग ताजा माल आहे, एवढं कबूल. आता मला सांगा, तुमचे दोन का वाकले आणि हा का नाही? ह्याला माणूस होता म्हणून. ह्यांचं नाव काढलंत तर उद्या तुमच्याकडून घेणारा विचारील, नऊ पावसाळे कुठे होता, कोणी जपला? काय सांगाल? नाव राहील. नावाचे पैसे कमी होणार नाहीत. उलट थोडे वर द्या."

ते हसायला लागले. पण भिंग अजून नावावरच होतं, आणि हसता हसता थांबले. "एक सांगा. सगळ्या क्यूवरचं पॉलिश जसंच्या तसं आहे. फक्त या अक्षरांवरचं झिजलंय. का?"

मी वाकून बघितलं. खरंच. मी चकचकीत बसवलेला शिंपला गुळगुळीत, मऊ झाला होता. 'क'चा वरचा भाग तर जवळजवळ दिसेना.

भाभी म्हणाली, "अंगठा फिरवायचे. रोज. दुपारी जेवण झालं की पेटी काढायची, उघडायची, नावावर अंगठा फिरवायचा आणि ठेवायची. भावजींशी बोलणं बंद होतं ना, तेव्हा तर दोनदा."

"रोज?" मी म्हटलं. "पावसात पण?"

"पावसात पण. मला सांगायचे, दत्ताला सांगू नको, ओरडेल."

अरे चांडाळा! मृगापासून नारळी पौर्णिमेपर्यंत पेटी उघडू नको म्हणून मी घसा कोरडा केला, आणि तू रोज उघडत होतास! एवढं सगळं माझं शास्त्र तू रोज दुपारी भातावर वरण ओतल्यासारखं ओतून टाकत होतास, आणि तरी क्यू सरळ राहिला. मी तिथेच, त्या गृहस्थांसमोर, पटाशी हातात धरून हसलो, आणि हसता हसता माझ्या डोळ्यांचं जे व्हायचं ते झालं. भाभीने पाण्याचा तांब्या पुढे केलान. तांब्यावर तुझंच नाव.

बास. तुझी माफी मला मिळाली. तुझ्या अंगठ्याने ती सहा वर्षं रोज लिहिलीन, मला वाचायला एवढा वेळ लागला.

त्या गृहस्थांनी चष्मा काढला, पुसला, आणि किंमत सांगितली. पूर्ण. भाभी हलली नाही. त्यांनी थोडी वर केली. भाभी म्हणाली, "चालेल. आणि एक अट. आमच्याकडे नाव घातलेलं भांडं ज्याच्या घरी जातं त्याने ते परत आणून द्यायचं असतं. हा तुमचा झाला. पण हॉलच्या वाढदिवसाला, वर्षातून एक दिवस, घरी यायला पाहिजे. भावजी एक डाव खेळतील, मग परत घेऊन जा."

मला वाटलं, आता फिसकटतं. ते म्हणाले, "मीच घेऊन येईन. पण मलाही एक डाव हवा."

"तुम्हाला कशाला नको? खेळा की," भाभी म्हणाली. "फुकट नाही."

म्हणजे बघ, करीम. तू म्हणायचास पुढे जायला हवा, तो पुढे गेला, आणि किंमत टिकवून गेला. तुझं शंभर टक्के खरं. मी म्हणायचो परत यायला हवा, तो परत येणार. माझंही खरं. नऊ वर्षांचं भांडण, आणि शेवटी मासळीवालीने एका दमात दोघांनाही निवाडा दिलान. आपण दोघांनी तिला आधीच विचारायला पाहिजे होतं.

आता शेवटचं. सकाळी भाभीने मला बोलावलंन आणि म्हणाली, हॉलला पाटी करा. पेटीच्या त्या फणसाच्या खांबाचा एक तुकडा उरला होता. दुपारपर्यंत काम केलं, शिंपला तोच, मांडवीचा. बोट फिरवलं तर लागणार नाही इतकी सपाट तीन अक्षरं. आत्ता लिहायला बसायच्या आधी दारावर ठोकून आलो. तू म्हणशील, दत्ता, पुन्हा केलंस, आता उद्या ही जागा विकायला काढली तर करीमच्या नावाची जागा कोण घेणार, किंमत पडेल.

पडू दे. ही विकायची नाहीये.